शर्यतीतला सीसी : इंजिनाच्या आकाराला घातलेल्या लगामाची गोष्ट

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

मोटारसायकलचे आर. सी. बुक आपण सहसा पोलिसांनी मागितले तरच बाहेर काढतो. त्यात मालकाचे नाव, चेसिस नंबर, इंजिन नंबर असतात आणि आणखी एक आकडा असतो, तो म्हणजे सीसी. गाडी विकत घेताना दुकानदाराला आपण पहिला प्रश्न विचारतो तो या आकड्याचाच. शंभरची आहे की दीडशेची? बुलेट म्हटली की साडेतीनशे आणि लूना म्हटली की पन्नास, हे तर पाठच असते. या आकड्यावरून कर ठरतो, विम्याचा हप्ता ठरतो, आणि गाडीवाल्याचा रुबाबही ठरतो.

हाच आकडा जगातल्या सर्वांत वेगवान मोटारींच्या शर्यतीत शंभराहून अधिक वर्षे वादाचा विषय राहिला आहे. इंजिन किती मोठे असावे, याचा नियम तिथे पुन:पुन्हा लिहिला गेला, आणि बहुतेक वेळा तो लिहिण्यामागे कुणाचा तरी मृत्यू होता किंवा मृत्यूची भीती होती. त्या नियमांचा इतिहास आज थोडक्यात सांगायचा आहे. ऐकायला तो परदेशातल्या श्रीमंतांच्या खेळाचा इतिहास वाटेल. पण त्यातून निघणारी गोष्ट आपल्या मूल-चंद्रपूर रस्त्यावरही लागू पडते.

आधी सीसी म्हणजे काय ते पाहू. सायकलचा पंप डोळ्यांसमोर आणा. दांडा वर ओढला की नळीत हवा भरते, खाली दाबला की ती बाहेर जाते. इंजिनातला पिस्टन असाच सिलिंडरमध्ये वरखाली होतो. एका खेपेत सगळे पिस्टन मिळून जेवढी जागा व्यापतात, तेवढे घन सेंटिमीटर म्हणजे त्या इंजिनाचे सीसी. हजार सीसी म्हणजे एक लिटर. लूनाचे इंजिन म्हणजे टपरीवरच्या कटिंग चहाएवढी जागा. दीड लिटरचे इंजिन म्हणजे पाण्याच्या मोठ्या बाटलीएवढी.

आता या जागेत हवा आणि इंधन जेवढे जास्त जळेल तेवढी ताकद जास्त. म्हणून वाटते, इंजिन मोठे तर ताकद मोठी. हे अर्धेच खरे आहे. विहिरीतून पाणी काढायचे तर मोठी बादली घेता येते, किंवा लहान बादलीने भराभर खेपा करता येतात. इंजिनातही तेच. आकार लहान ठेवून फेरे वाढवता येतात; आणि तिसरा मार्ग म्हणजे पंप लावून त्याच जागेत हवा दाबून भरायची. आकार, फेरे आणि दाब अशा ताकदीच्या तीन वाटा आहेत, आणि सीसीचा नियम त्यांतली एकच वाट अडवतो. पुढची सगळी गोष्ट या एका वाक्यात आहे.

आपल्या धानपट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी लिस्टर पद्धतीचे जुने डिझेल इंजिन पाहिलेले असते. जाडजूड चाकाचे, ठक-ठक आवाज करणारे. ते सुमारे चौदाशे सीसीचे असते, मिनिटाला साडेसहाशे फेरे घेते आणि पाच-सहा अश्वशक्ती देते. साधारण तेवढ्याच आकाराच्या, म्हणजे दीड लिटरच्या इंजिनातून शर्यतीच्या इंजिनिअरांनी १९८०च्या दशकात हजार अश्वशक्ती काढली. हे कसे घडले, ते पाहण्यासाठी थेट १९०३ सालापर्यंत मागे जावे लागेल.

मोटार तेव्हा नवीन होती आणि शर्यती उघड्या रस्त्यांवरून, एका शहरातून दुसऱ्या शहरापर्यंत होत. गाड्या फार वेगवान आणि अवजड होऊ लागल्या म्हणून आयोजकांनी वजनाची मर्यादा घातली होती : गाडी हजार किलोपेक्षा जड नको. हेतू असा की, वजन कमी म्हणजे इंजिन लहान आणि इंजिन लहान म्हणजे वेग कमी. कारखानदारांनी उलटेच केले. इंजिन होते तेवढे राक्षसी ठेवले आणि बाकीच्या गाडीतून लोखंड कमी केले. चौकटीला भोके पाडून ती हलकी केली, आसने नावापुरती ठेवली, ब्रेक यथातथाच. अशा गाड्या घेऊन मे १९०३ मध्ये पॅरिस ते माद्रिद शर्यत सुरू झाली. रस्ते धुळीने भरलेले, दोन्ही बाजूंना बघ्यांची गर्दी, मध्येच गुरे. पहिल्याच दिवशी चालक, त्यांचे सोबती मेकॅनिक आणि रस्त्यावरची माणसे मिळून किमान आठ जणांचा बळी गेला. त्यात रेनॉ कारखान्याच्या संस्थापक भावांपैकी मार्सेल रेनॉ हेही होते. सरकारने शर्यत बोर्दो शहरातच थांबवली. तोवर पहिल्या आलेल्या फर्नां गाब्रिएल याने साडेपाचशे किलोमीटर अंतर ताशी सरासरी १०५ किलोमीटर वेगाने कापले होते, तेही त्या काळच्या कच्च्या रस्त्यावर.

त्यानंतर शर्यती बंदिस्त मार्गावर आल्या. १९०६ साली फ्रान्समध्ये ल मांजवळ पहिली ‘ग्राँ प्री’ झाली. मर्यादा तीच, हजार किलोची. जिंकली ती फेरेंक सिस याची रेनॉ. तिचे इंजिन तब्बल तेरा लिटरचे होते आणि ताकद शंभर अश्वशक्तीच्या आसपास.

मग आयोजक मोजण्याचे नवनवे प्रकार शोधू लागले. १९०७ साली इंधनावर मर्यादा घातली : शंभर किलोमीटरला तीस लिटर. १९०८ साली सिलिंडरच्या रुंदीवर मर्यादा घातली : चार सिलिंडर असतील तर व्यास १५५ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. इंजिनिअर म्हणाले, रुंदी बांधली ना, उंची तर मोकळी आहे! सिलिंडर उंच होऊ लागले. लहान गाड्यांच्या शर्यतीत तर या प्रकाराने कळस गाठला आणि गाडीचे तोंडच उंचाडे झाले.

आपल्याकडे हा प्रकार अनोळखी नाही. शंकरपटात किंवा बैलगाडा शर्यतीत सगळ्या जोड्या एकाच पंगतीला बसवत नाहीत, गट पाडतात. पश्चिम महाराष्ट्रात तर बैलाचे दात पाहून आदत, दुसा, चौसा असे गट ठरतात. आता दात काही धावत नाहीत. पण दातांवरून वय कळते आणि वयावरून ताकदीचा अंदाज येतो. जे थेट मोजता येत नाही ते दुसऱ्या कशावरून तरी ताडायचे, ही माणसाची जुनी युक्ती आहे. इंजिनाचे वजन, व्यास, लिटर हे सगळे असे दातच आहेत. फरक एवढाच की बैल आपले दात बदलून घेऊ शकत नाही, इंजिनिअर घेऊ शकतो.

अखेर १९१४ साली, लिओं शहराजवळच्या फ्रेंच ग्राँ प्रीसाठी, इंजिनाच्या एकूण आकारावरच मर्यादा आली : साडेचार लिटर. ग्राँ प्रीच्या इतिहासातला सीसीचा हा पहिला नियम. तो सर्वांना पटण्यासारखा होता. वजन फसवता येते, रुंदी फसवता येते, पण पोकळी मोजली की मोजली. परिणाम काय झाला? ४ जुलै १९१४ रोजी झालेल्या त्या शर्यतीत पहिले तीन क्रमांक जर्मन मर्सिडीझ गाड्यांनी पटकावले, आणि त्यांची साडेचार लिटरची इंजिने शंभराहून अधिक अश्वशक्ती देत होती. म्हणजे आठ वर्षांपूर्वी तेरा लिटरला जे जमत होते, ते आता त्याच्या जवळजवळ एक तृतीयांश आकारात जमू लागले. महिनाभरातच पहिले महायुद्ध सुरू झाले.

ही जादू नव्हती. १९१२ साली प्यूजो कंपनीने इंजिनाच्या माथ्यावर दोन कॅमशाफ्ट आणि दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह अशी रचना शर्यतीत उतरवून फ्रेंच ग्राँ प्री जिंकली होती. हवा आत येण्याचे आणि धूर बाहेर जाण्याचे दरवाजे वाढवले की इंजिनाला श्वास मोकळा मिळतो आणि फेरे वाढतात. आज आपल्या रस्त्यावरच्या कितीतरी मोटारींत हीच रचना असते. लहान आकारात जास्त ताकद बसवण्याची गरज नसती, तर ती इतक्या लवकर आली असती की नाही, कोण जाणे.

युद्धानंतर नियमावलीने पाय आवळत नेले. १९२१ साली तीन लिटर, १९२२ पासून दोन लिटर, १९२६ पासून दीड लिटर. इंजिनिअरांनी आता तिसरी वाट धरली. इंजिनाच्याच ताकदीवर फिरणारा पंप लावून हवा दाबून भरायची. त्याला सुपरचार्जर म्हणतात. १९२७ सालच्या फ्रेंच बनावटीच्या दलाज गाडीचे दीड लिटरचे इंजिन मिनिटाला आठ हजार फेऱ्यांना १७० अश्वशक्ती देत होते. पण अशी इंजिने करणे इतके महाग झाले की एकेक कंपनी मैदान सोडून गेली आणि पुढली काही वर्षे नियम नावापुरतेच राहिले.

१९३४ साली पुन्हा वेगाला आळा घालायचे ठरले, आणि नवल असे की पुन्हा वजनाचीच मर्यादा आली : गाडी ७५० किलोच्या आत हवी. इंजिन कितीही मोठे चालेल. एवढ्या हलक्या गाडीत मोठे इंजिन बसणारच नाही, असा हिशेब होता. १९०३ चा धडा तीस वर्षांत विसरला गेला होता. जर्मनीत तेव्हा हिटलरची राजवट होती आणि सरकारी पैशाचे पाठबळ असलेल्या मर्सिडीझ आणि आउटो युनिऑन या कंपन्यांनी हलक्या मिश्रधातूंच्या जोरावर तो हिशेब पार उधळून लावला. १९३७ च्या मर्सिडीझमध्ये ५.६ लिटरचे इंजिन होते आणि ताकद सुमारे ५९० अश्वशक्ती. पुढच्याच वर्षी सीसीची मर्यादा परत आणावी लागली.

दुसऱ्या महायुद्धानंतर ‘फॉर्म्युला वन’ हे नाव रूढ झाले. फॉर्म्युला म्हणजे सूत्र, नियमांचा संच. गाडीच्या नावातच नियम असलेला हा बहुधा एकमेव खेळ. त्या पहिल्या सूत्रात दोन पर्याय होते : सुपरचार्जर लावणार असाल तर दीड लिटर, नसेल तर साडेचार लिटर. १३ मे १९५० रोजी इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोन येथे जागतिक अजिंक्यपद स्पर्धेची पहिली शर्यत झाली ती दीड लिटरच्या आल्फा रोमिओने जिंकली. पण आल्फाचे इंजिन इंधन अक्षरश: ढोसायचे आणि शर्यतीत भरणीसाठी वारंवार थांबावे लागायचे. १९५१ साली त्याच सिल्व्हरस्टोनवर गोन्झालेझ या अर्जेंटिनाच्या चालकाने साडेचार लिटरच्या, सुपरचार्जर नसलेल्या फेरारीने आल्फाला हरवले. फेरारीचा हा अजिंक्यपद स्पर्धेतला पहिला विजय. १९५४ पासून मर्यादा अडीच लिटर झाली.

आता या गोष्टीतला सर्वांत दु:खद भाग. ११ जून १९५५ रोजी ल मां येथे चोवीस तासांची शर्यत चालू असताना एक मर्सिडीझ दुसऱ्या गाडीवर आदळून उडाली आणि तिचे तुकडे प्रेक्षकांत घुसले. चालकासह ऐंशीहून अधिक माणसे मेली. ती फॉर्म्युला वनची शर्यत नव्हती, पण सगळ्या मोटार शर्यतींवरच प्रश्नचिन्ह उभे राहिले. स्वित्झर्लंडने तर आपल्या देशात अशा शर्यतींवर बंदीच घातली. फॉर्म्युला वनच्या नियामकांनी काय करावे? त्यांनी हाताशी असलेले जुनेच औषध काढले. १९५८ साली जाहीर केले की १९६१ पासून इंजिन दीड लिटरचेच असेल. ब्रिटिश संघांनी खूप आरडाओरडा केला, पण निर्णय फिरला नाही. ताकद अडीचशेच्या घरातून दोनशेच्या खाली आली.

आणि त्याच १९६१ साली, १० सप्टेंबरला, इटलीत मोंझा येथे जर्मन चालक वुल्फगांग फॉन ट्रिप्स याची फेरारी दुसऱ्या गाडीला घासून मार्गाच्या कडेला उडाली. तिथे कुंपणाला खेटून प्रेक्षक उभे होते. फॉन ट्रिप्स आणि डझनाहून अधिक प्रेक्षक ठार झाले. फॉर्म्युला वन अजिंक्यपदाच्या इतिहासातला तो सर्वांत मोठा अपघात, आणि तो झाला सर्वांत लहान इंजिनांच्या पहिल्याच वर्षी. त्या वर्षीचे अजिंक्यपद फॉन ट्रिप्सच्या हाताशी आले होते. ते त्याचाच सहकारी फिल हिल याला मिळाले.

श्रोते हो, इथे क्षणभर थांबून विचार करायला हवा. माणसे कशाने मेली? इंजिन दीड लिटरचे होते की अडीच, याने तिथे फरक पडला नसता. फरक पडला असता तो प्रेक्षक आणि गाडी यांच्यात भक्कम अडथळा असता तर. पण अडथळा बांधायचा तर मैदानाच्या मालकाला खर्च येतो, प्रेक्षकांना मागे हटवावे लागते, तिकिटे कमी खपतात. सीसीचा आकडा बदलायला मात्र एक ठराव पुरतो. नियम करणाऱ्याला सोपे तेच आधी सुचते, हे सगळीकडेच दिसते.

१९६६ साली मर्यादा दुप्पट झाली. तीन लिटर, किंवा हवा दाबून भरणार असाल तर दीड लिटर. पुढल्याच वर्षी कॉसवर्थ या इंग्रज कंपनीने फोर्डच्या एक लाख पौंडांच्या पैशातून डीएफव्ही नावाचे तीन लिटरचे इंजिन तयार केले. ४ जून १९६७ रोजी हॉलंडमध्ये जिम क्लार्कने त्या इंजिनाची पहिलीच शर्यत जिंकली. पुढे १९८३ पर्यंत या एका इंजिनाने १५५ शर्यती जिंकल्या. विकत घेता येण्याजोगे असल्यामुळे छोटे छोटे संघही त्याच्या बळावर उभे राहिले.

नियमातला तो दुसरा पर्याय, दीड लिटर आणि दाबलेली हवा, अकरा वर्षे कुणी हात न लावता पडून होता. दीड लिटर तीन लिटरशी काय टक्कर देणार, असे सर्वांना वाटे. १९७७ साली रेनॉने तो उचलला. त्यांनी टर्बो लावला, म्हणजे धुराड्यातून वाया जाणाऱ्या वायूवर फिरणारा पंप. सुरुवातीला गाडी सारखी बंद पडून धूर सोडायची, तेव्हा इंग्रजांनी तिला ‘पिवळी चहाची किटली’ म्हणून हिणवले. १९७९ साली त्या किटलीने फ्रेंच ग्राँ प्री जिंकली. १९८३ साली नेल्सन पिके याने टर्बो गाडीतून जगज्जेतेपद मिळवले. त्याच्या बीएमडब्ल्यू इंजिनाचा लोखंडी ठोकळा रस्त्यावरच्या साध्या मोटारीच्या इंजिनावरून घेतलेला होता. १९८६ पर्यंत सराव फेरीत या इंजिनांची ताकद बाराशे अश्वशक्तीच्या वर गेली असावी, असा जाणकारांचा अंदाज आहे. आपल्या विहिरीवरच्या डिझेल इंजिनाएवढाच आकार आणि दोनशेपट ताकद!

मग नियामकांनी सीसी सोडून इतर वाटा अडवायला सुरुवात केली. १९८४ साली शर्यतीतले इंधन २२० लिटरवर बांधले, पुढे टर्बोवाल्यांसाठी ते १५० लिटरपर्यंत खाली आणले. हवेचा दाब आधी चार आणि मग अडीच बारवर आणला. १९८८ साली, एवढे सगळे करकचून बांधल्यावरही, होंडाचे टर्बो इंजिन लावलेल्या मॅक्लारेनने सोळापैकी पंधरा शर्यती जिंकल्या. तेव्हा १९८९ पासून टर्बोवर सरळ बंदी आली आणि सर्वांसाठी साडेतीन लिटर हा आकडा ठरला.

३० एप्रिल १९९४ रोजी इटलीत इमोला येथे रोलांड रात्झेनबर्गर आणि दुसऱ्याच दिवशी, १ मे रोजी, आयर्टन सेना मृत्युमुखी पडले. सेना तीन वेळचा जगज्जेता. साऱ्या जगाने तो अपघात दूरदर्शनवर पाहिला. १९९५ पासून इंजिन तीन लिटरचे झाले. पण या वेळी औषध एवढ्यावरच थांबले नाही. चालक ज्या कवचात बसतो ते अधिक मजबूत केले, डोके आणि मान धरून ठेवणारे साधन आणले, मैदानांची वळणे बदलली, अडथळे नव्याने बांधले. स्कॉटलंडचा चालक जॅकी स्टुअर्ट १९६६ सालच्या अपघातात इंधनाने भिजून मोडक्या गाडीत अडकून पडला होता. तेव्हापासून तो अशाच सुधारणांसाठी भांडत होता आणि अनेकांनी त्याला भित्रा ठरवले होते. २०१८ पासून चालकाच्या डोक्याभोवती ‘हेलो’ नावाची धातूची कमान आली. २०२० साली बहारिनमध्ये रोमां ग्रोझाँ याची गाडी अडथळ्यात घुसून पेटली. तो ज्वाळांतून चालत बाहेर आला. सेनानंतर ग्राँ प्रीच्या शर्यतीतल्या अपघाताने एकाच चालकाचा जीव घेतला. ज्यूल बियांकी २०१४ साली जपानमध्ये जखमी झाला आणि २०१५ साली गेला. तो आदळला होता मैदानात आलेल्या क्रेनवर.

तेवढ्यात इंजिने काही शांत बसली नव्हती. तीन लिटरचे दहा सिलिंडरी इंजिन २००५ पर्यंत मिनिटाला एकोणीस हजारांच्या आसपास फेरे घेऊन नऊशे अश्वशक्ती देऊ लागले. त्याच वर्षी आपला नारायण कार्तिकेयन जॉर्डन संघाकडून फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय ठरला. म्हणजे तो त्या तीन लिटरच्या इंजिनांच्या शेवटच्या मोसमात आला. २००६ पासून मर्यादा २.४ लिटर झाली. हिशेब सोपा होता. तीनशे सीसीचा एक असे दहा सिलिंडर होते, त्यातले दोन काढले. एका बुलेटशी तुलना करा. बुलेटचा एकच सिलिंडर साडेतीनशे सीसीचा आणि ताकद सुमारे वीस अश्वशक्ती. शर्यतीतला त्याहून लहान सिलिंडर एकटा नव्वद द्यायचा. २००७ पासून फेऱ्यांवरही मर्यादा आली. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे दिल्लीजवळ ग्रेटर नोएडात भारताची ग्राँ प्री झाली, तिन्ही वेळा सेबास्टियन फेटेल जिंकला, आणि तिथे गरजली ती हीच २.४ लिटरची इंजिने. मुंबईच्या जेहान दारूवालाने २०२० साली फॉर्म्युला वनच्या खालच्या पायरीवर, फॉर्म्युला टूमध्ये शर्यत जिंकली. फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा तो पहिला भारतीय. तिथे सर्वांना एकसारखेच ३.४ लिटरचे टर्बो इंजिन दिलेले असते. म्हणजे इंजिनाची भानगडच नको, माणसाचे कसब पाहू.

२०१४ पासून फॉर्म्युला वनमध्ये १.६ लिटरचे टर्बो इंजिन आणि सोबत विजेची मोटर आली, आणि शर्यतीला शंभर किलोच इंधन. १९०७ चा इंधनाचा नियम शंभर वर्षांनी परतला म्हणायचा. तरीही एकूण ताकद हजार अश्वशक्तीच्या घरात गेली. २०२६ च्या नियमांत १.६ लिटर कायम ठेवून विजेचा वाटा खूप वाढवला आहे. साधारण निम्मी ताकद बॅटरीतून येणार असेल, तर सीसीच्या आकड्याने गाडीची ओळख पटणे कठीणच.

आता आपल्याकडे वळू. आपल्या देशातही सीसीच्या रेषा आहेत. २००६ च्या अर्थसंकल्पात लहान मोटारींवरचे उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले. लहान कोणती? चार मीटरपेक्षा लांब नसलेली, पेट्रोलचे इंजिन १२०० आणि डिझेलचे १५०० सीसीपर्यंतचे. लगेच गाड्या त्या रेषेखाली बसू लागल्या. टाटा मोटर्सने २००८ साली इंडिगोची डिकी आखूड करून ती चार मीटरच्या आत आणली. जीएसटी आल्यावरही या रेषा राहिल्या. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवर १८ टक्के आणि त्यावरच्या मोटारसायकलींवर ४० टक्के कर आहे. रेषा आखली की तिच्या अलीकडे दाटी होते, हे १९०८ च्या उंच सिलिंडरांपासून चालत आले आहे.

करापुरते हे ठीक. पण एक रेषा जिवाशी निगडित आहे. मोटार वाहन कायद्याच्या चौथ्या कलमानुसार अठरा वर्षांखालील कुणी सार्वजनिक रस्त्यावर वाहन चालवू शकत नाही. अपवाद एकच, सोळा वर्षे पूर्ण झालेल्यांना ५० सीसीपर्यंतची गाडी चालवता येते. पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगची १९७२ साली आलेली लूना याच मापाची होती. शाळा-कॉलेजच्या कितीतरी पोरांनी तिच्यावर हात बसवला. आज ५० सीसीची पेट्रोल गाडी दुकानात शोधूनही सापडणे अवघड. गिअर नसलेली स्कूटर पोरांची गाडी समजली जाते, पण ती असते ११० किंवा १२५ सीसीची. कायद्याने ती सोळा वर्षांच्या मुलाला चालत नाही, तरी शिकवणीच्या वेळी कुठल्याही तालुक्याच्या गावी जाऊन पाहा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मुलाच्या हाती गाडी दिल्यास पालकाला किंवा मालकाला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि विजेच्या स्कूटरला तर सीसीच नसतो. ‘बॅटरीची आहे, तिला काय होते’ म्हणून ती पोराच्या हाती देण्यात येते. लहान, हळू चालणाऱ्या काही बॅटरीच्या गाड्यांना कायद्याने सूट आहे, पण पेट्रोलच्या स्कूटरइतक्याच पळणाऱ्या गाडीला ती नाही.

शर्यतीच्या इतिहासातून घ्यायचे ते एवढेच. सीसी म्हणजे ताकदीचा अंदाज, धोक्याचे माप नव्हे. आकडा बांधून काही वर्षे वेग थोपवता येतो. कल्पक माणूस वाट काढतो आणि आकडा जुना होतो. जीव वाचले ते कवचाने, अडथळ्याने, डोक्यावरच्या कमानीने आणि माणसे सुरक्षित अंतरावर उभी राहिल्याने. तिथल्या चालकांना हेलोची कमान आणि कवच मिळायला कित्येक मरणे पाहावी लागली. आपल्याकडे त्या जागी हेल्मेट आहे, परवाना आहे आणि ‘अजून दोन वर्षे थांब’ असे पोराला सांगणारा बाप आहे. गाडी पन्नासची असो, सव्वाशेची असो की बॅटरीची, या तीन गोष्टी बदलत नाहीत.